मेट्रनबाईंचा जोगवा

सिंगापुरात, बिशानमधल्या एका उंच इमारतीत, नवव्या मजल्यावर, सरोजिनीबाई त्या शुक्रवारी पहाटेपासून हवेत होत्या. पाय जमिनीवर होते, पण टेकत नव्हते. पासष्ट वर्षांचं शरीर, डावा गुडघा नवा बसवलेला, उजवा डिसेंबरात बसवायचा, आणि बाई देवघरातून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून देवघरात लहान पोरीसारख्या पळत होत्या. चहात एकदा साखर घालायची विसरल्या, दुसऱ्यांदा केला त्यात दोनदा घातली. सुनेनं, रुचिरानं, दोन्ही चहा मुकाट्यानं पिऊन टाकले आणि ऑफिसला निघता निघता सासूच्या गळ्यातली कवड्यांची माळ सरळ केली.

बाई आज जोगवा मागणार होत्या. नवरात्रातल्या मंगळवारी नाहीतर शुक्रवारी देवीच्या नावाची परडी हातात घ्यायची, अनवाणी पाच घरं फिरायची, पाच दारांत मूठमूठ धान्य मागायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी आणून त्याचा नैवेद्य करायचा. आमच्याकडं ज्या बाईच्या घरी ही रीत आहे ती सकाळी उठते, मागते आणि दुपारी धुणं धुवायला बसते. सरोजिनीबाईंना एवढी साधी गोष्ट करायला बेचाळीस वर्षं लागली. ती का लागली हे सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. घाई असेल त्यानं पुढचं पान उलटावं. मी माझ्या चालीनं येतो.

बार्शीकडच्या या बाई. लग्न झालं त्याच वर्षी, एकोणीसशे चौऱ्याहत्तरला, त्यांना सरकारी नोकरी लागली. नोकरी भिक्षेकरी गृहात. रस्त्यावर भीक मागताना सापडलेल्या माणसांना पोलीस धरायचे, कोर्टापुढं उभं करायचे आणि कोर्ट त्यांना वर्ष-दोन वर्षांसाठी या गृहात पाठवायचं. तिथं त्यांनी काथ्या वळायचा, भाजी पिकवायची, कामाची सवय लावून घ्यायची. बायकांच्या विभागात सरोजिनीबाई काळजीवाहक होत्या. आतल्या बायका त्यांना मेट्रनबाई म्हणत.

गृहाचे अधीक्षक पद्माकरसाहेब इतिहासाचे भारी वेडे. नव्या माणसाला ते कामाच्या आधी इंग्लंडला फिरवून आणत. राणी एलिझाबेथच्या काळात गरिबांचा कायदा कसा झाला, त्याआधी लुळ्यापांगळ्यांना भीक मागायचा सरकारी परवाना कसा मिळायचा आणि धडधाकट माणूस मागताना सापडला तर त्याला चाबूक कसा बसायचा. मग पुढं मोठमोठी कामघरं बांधली. नवरा एका दालनात, बायको दुसऱ्या, पोरं तिसऱ्या. दिवसभर जहाजांचे जुने दोर उसवत बसायचं. आणि सगळ्यांत वरचा नियम हा, की बाहेरच्या सगळ्यांत गरीब मजुराचं जेवढं पोट भरतं, त्याहून आतल्याचं कमी भरलं पाहिजे. नाहीतर सगळा मुलूख आत येऊन बसेल. साहेब हे सांगताना टेबलावर पेन्सिल वाजवत. सरोजिनीबाई मान डोलवत आणि स्वयंपाकघरात जाऊन डाळीत एक ओंजळ डाळ जास्तीची टाकत. मुलूख काही आत आला नाही.

पहिल्याच नवरात्रात सासूनं, म्हणजे त्यांच्या आत्याबाईंनी, घराण्याची परडी सुनेच्या हातात दिली. सून हौसेनं निघाली. एक घर झालं, दुसरं घर झालं, तिसऱ्या घरापुढं उभी राहून तिनं खणखणीत आवाजात हाक घातली, आणि दार उघडून बाहेर आले पद्माकरसाहेब. नव्या बिऱ्हाडाला ते कालच राहायला आले होते. साहेब परडीकडं बघत राहिले. मग त्यांनी तिथल्या तिथं, धोतराचा सोगा हातात धरून, एकोणीसशे एकोणसाठच्या कायद्याचं कलम म्हणून दाखवलं: गाण्याच्या, नाचण्याच्या, भविष्य सांगण्याच्या नाहीतर कसलाही खेळ करण्याच्या मिषानं भिक्षा मागणं हीसुद्धा भीकच. दुसऱ्या दिवशी मेमो आला. गृहाच्या कर्मचारी स्वतःच भिक्षा मागताना आढळून आल्या, तरी खुलासा करावा. तेवीस वर्षांच्या पोरीला काय सुचणार. तिनं लिहून दिलं, "सदर भिक्षा माझ्याकडून नजरचुकीने मागितली गेली."

नोकरी टिकली, जोगवा अर्ध्यात राहिला. आत्याबाई मेमोला भ्याल्या नाहीत, पण सुनेच्या पगारावर घर चालायचं, म्हणून गप्प बसल्या. एवढंच म्हणाल्या की पाच घरं एका दिवसात पुरी केल्याबिगर जोगवा होत नाही, तो पुरा कर. माझ्या डोळ्यांदेखत नाही झाला तर डोळ्यांमागं कर. आणि ध्यानात ठेव, चार घरं ओळखीची चालतील, पाचवं चालायचं नाही. पाचव्या दारात हात पुढं येईल का दार लागेल हे तुला ठाऊक नसलं पाहिजे. त्याला मागणं म्हणतात.

आत्याबाई गेल्या. बाई पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाल्या. दोन वर्षं गुडघ्यात गेली. मग मुलगा परेश सिंगापूरला घेऊन आला. नवरा निशिकांतराव दोन महिने राहून, इथं थुंकायचीसुद्धा सोय नाही म्हणत गावी परत गेले. ते दिवाळीला तेवढे येत. परडी मात्र बाईंच्या बॅगेच्या तळाशी होती. सन दोन हजार सोळाच्या नवरात्रात, पहिल्या माळेच्या दिवशी, त्यांनी ती बाहेर काढून सुनेला सगळं सांगितलं. पहिला मंगळवार तयारीतच निघून गेला, आणि पुढचा मंगळवार म्हणजे दसराच. म्हणजे मागायला हा एक शुक्रवार उरला. डिसेंबरात दुसरा गुडघा. पुढच्या वर्षाचं कोणी सांगावं. आज पाच घरं झाली तर झाली.

रुचिरा कामाची मुलगी. पाया लेबार भागातल्या ऑफिसात बसून तिनं मराठी मंडळाच्या गटात निरोप टाकला आणि दहा मिनिटांत पाच घरं ठरवली. दुपारी बाईंनी त्यातली चार केली. पहिल्या घरात प्रणितानं बासमती तांदूळ बंद पिशवीत घालून, वर नाव लिहून तयार ठेवला होता. दुसऱ्या घरात तिघींनी परडीबरोबर फोटो काढले. तिसरीनं किनवा दिला. ते काय असतं ते बाईंना कळलं नाही, पण दाणे होते, परडीत घेतले. चौथीनं विचारलं, काकू, गव्हाची अ‍ॅलर्जी नाही ना. बाई प्रत्येक दारात हसत होत्या, कुंकू लावत होत्या, पण लिफ्टमध्ये आल्या की स्वतःशी पुटपुटत, हा जोगवा नाही, ही बुकिंगची भिक्षा. पाचवं घर विनीताचं ठरलं होतं. ते बाईंनी कुणाला न विचारता रद्द केलं.

साडेपाच वाजले. या देशात दिवेलागण म्हणजे काय, हे बाईंनी आधीच ठरवून टाकलं होतं. संध्याकाळी सातच्या सुमाराला इमारतीच्या सगळ्या मजल्यांवरचे व्हरांड्यातले दिवे एकदम लागतात. कोण लावतं ते दिसत नाही. ते लागायच्या आत.

त्या आपल्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर उतरल्या, कारण पाचवं घर पाचव्या मजल्यावर असावं असं त्यांना वाटलं. दारापुढं कुंड्या होत्या, लोखंडी जाळी होती. छातीत ढोलकं वाजत होतं. बाईंनी जाळीवर बांगडी वाजवली आणि बेचाळीस वर्षं दाबून ठेवलेली हाक घातली. व्हरांड्याच्या टोकाला वाळत घातलेला टॉवेलसुद्धा हलला.

दार उघडलं ते एका चिनी म्हातारीनं. मॅडम खू असं नाव, सत्तरीची, मनगटाएवढी बारीक. आणि तिच्या अंगावर पांढरा सदरा, पांढरी विजार, पायांत पांढऱ्या सपाता.

बाईंनी परडी खाली घेतली. पांढरे कपडे. चिनी लोक मयताला पांढरं घालतात हे त्यांनी ऐकलं होतं. म्हणजे घरात सुतक. सुतकाच्या घरचा जोगवा चालत नाही, आणि सुतकातल्या माणसापुढं हात पसरणं त्याहून वाईट. बाई ओशाळून मागं सरकल्या, "सॉरी, व्हेरी सॉरी" म्हणाल्या आणि डोळ्यांत पाणी आणून म्हातारीच्या हातावर हात ठेवला.

आता मॅडम खूच्या बाजूनं बघा. दारात एक म्हातारी. अनवाणी. हातात टोपलं, टोपल्यात चार प्रकारचे मूठमूठ दाणे. मोठ्यानं ओरडते, मग माफी मागते, मग रडते. मॅडमनं आत जाऊन दोन डॉलरची नोट आणली. बाईंनी ती घेतली नाही. पैसे नकोत, तांदूळ लागतो, पण तुमच्याकडचा नको, असं काहीसं त्यांनी इंग्रजीत सांगितलं. मग मॅडमनं वाफाळत्या शेवयांची ताटली आणली. बाईंचा नऊ दिवसांचा उपास. त्यांनी हात जोडले. पैसे न घेणारी आणि अन्न न खाणारी भिकारीण मॅडमनं आयुष्यात पाहिली नव्हती. तिला एकच अर्थ लागला: मुलगा-सून उपाशी ठेवतात, आणि आता ही उपासमारीनं वेडावली आहे. तिनं बाईंना मनगटाला धरून दारातल्या चपलांच्या बाकावर बसवलं, सोडलं नाही, आणि दुसऱ्या हातानं फोन लावला.

इमारतीच्या तळमजल्यावर गरजूंना मदत करणारं एक केंद्र होतं. तिथली नूर हिदाया नावाची मुलगी सहा वाजता वर आली. डोक्याला निळा रुमाल, हातात फॉर्मची पाटी, चेहरा इतका शांत की बाईंना आपला पहिला दिवस आठवला. ती त्यांच्यापुढं गुडघे टेकून बसली, कारण वरून बोलायचं नसतं हे तिला शिकवलेलं होतं. बाईंनाही शिकवलेलं होतं, फक्त त्या तेव्हा दुसऱ्या बाजूला बसत.

हिदायानं पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं, आणि बाईंनी तिच्या फॉर्मकडं उलट्या बाजूनं बघितलं. मग काय सांगू. त्या बाईला हसू फुटलं ते थांबेना. नाव, वय, गाव, सोबत कोण राहतं, कधीपासून मागता, घरचे सांभाळत नाहीत का, काही आजार, काही व्यसन. पस्तीस वर्षं त्यांनी हेच विचारलं होतं, याच क्रमानं. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि हिदायानं न विचारता उत्तरं द्यायला सुरुवात केली. त्यांचं इंग्रजी सगळं सरकारी कागदांतलं, आणि आज पहिल्यांदा ते अगदी योग्य जागी उपयोगाला येत होतं. कधीपासून मागता, या प्रश्नाला त्या थांबल्या.

"हॅबिच्युअल नाही लिहायचं," त्या म्हणाल्या. "फर्स्ट ऑफेन्स. नाइन्टीन सेव्हन्टीफोरला दोन घरं मागितली होती, पण पाच पुरी झाली नाहीत."

हिदायाचं पेन कागदावरच राहिलं. मॅडम खू मान हलवत इथल्या इंग्रजीत हळूच म्हणाली, "सो पुअर थिंग लाह."

हिदायानं फोन करून खालून पाच किलोची तांदळाची पिशवी मागवली. तुम्हाला तांदूळच हवा ना, हा घ्या, कुणाला लाजायचं कारण नाही, असं ती फार गोड बोलली. पिशवी आली. बाईंनी ती मांडीवर घेतली, थोपटली आणि परत दिली. सरकारी तांदूळ त्यांच्या चांगल्या ओळखीचा. त्यांनी स्वतः किती क्विंटल वाढला होता. तो चांगला असतो, त्यानं पोट भरतं, पण तो कुणाच्या घरचा नसतो. देणाऱ्याला नाही म्हणता येत नाही आणि घेणाऱ्याला मागावं लागत नाही. त्यात वाईट काही नाही. देवीला तेवढा तो चालत नाही. गृहात एक म्हातारी होती, ती पोटभर जेवून रोज संध्याकाळी म्हणायची, मेट्रनबाई, तुमच्या घरची चिमूटभर साखर द्या की. बाई म्हणायच्या, नियमात बसत नाही. आज चपलांच्या बाकावर बसल्या बसल्या त्यांना त्या साखरेचा अर्थ लागला, आणि लागला तो इतका लख्ख, की त्या परत हसायला लागल्या.

मॅडमनं हिदायाला डोळ्यांनी खूण केली: बघ, डोक्यावर परिणाम.

एवढ्यात लिफ्टमधून रुचिरा धावत आली. हिदायानं तिला फोन केला होता. साडेसहा होऊन गेले होते. रुचिराच्या तोंडचं पाणी पळालं होतं. इथं राहायचा सासूचा पास, परेशची नोकरी, मंडळाचा गट, सगळं तिला एकदम बुडताना दिसत होतं.

"आई, तुम्ही विनीताकडे का नाही गेलात? मी सांगितलं होतं ना तिला."

"म्हणूनच नाही गेले," बाई म्हणाल्या. "सांगितलेलं दार ते. त्यात मागायचं काय?"

रुचिरानं डोक्याला हात लावला आणि मग हिदायाला इंग्रजीत समजावायला बसली. ही गरिबी नाही, हा वसा आहे. आमची देवी, तिचे नऊ दिवस, त्या दिवसांत मागितलेलं धान्य. हिदाया ऐकत गेली, तसतशी तिची पाटी खाली जात गेली. बाईंनी मध्येच तिला विचारून घेतलं की इंग्लंडात पूर्वी म्हाताऱ्यांना भीक मागायचा परवाना मिळायचा, तसा फॉर्म तुमच्या केंद्रात आहे का. असला तर मी भरते. हिदायानं खरंच विचार केला. रस्त्यावर गायचं असेल तर परवाना लागतो, ती म्हणाली. लोकांकडून निधी गोळा करायचा असेल तरी लागतो. शेजारणीकडं वाटीभर तांदूळ मागायला लागत नाही. निदान तिला तरी तसा काही नियम ठाऊक नव्हता.

पण मॅडम खूचं लक्ष एकाच शब्दावर अडकलं होतं. नऊ दिवस? तिनं हिदायाला चिनीत विचारलं. हिदायाला चिनी थोडंच यायचं, तरी तिनं बोटं मोजून दाखवली. मॅडमनं आपल्या पांढऱ्या सदऱ्याची बाही वर केली. मनगटाला पिवळा धागा होता. हळूहळू उलगडा झाला तो असा. चिनी लोकांच्या नवव्या महिन्यातले पहिले नऊ दिवस नऊ देवांचे. अवसेनंतर सुरू होतात. नऊ दिवस मांसमच्छी वर्ज्य आणि अंगावर पांढरं. त्या शेवयाही सोवळ्याच्याच होत्या.

"म्हणजे सुतक नाही?" बाईंनी सुनेला विचारलं.

"नाही हो आई. त्यांचंही नवरात्र आहे."

बाई बाकावरून उठल्या त्या गुडघा विसरून. आपले नऊ आणि तिचे नऊ, एकाच अवसेनंतरचे. एकीच्या गळ्यात कवड्या, दुसरीच्या मनगटात धागा, आणि दोघी तासभर एकमेकींची कीव करत बसलेल्या. त्यांना गरगरल्यासारखं झालं. भिंतीला हात टेकला, तर भिंतही हसते आहे असं वाटलं.

पण मागायचं अजून बाकी होतं. पावणेसात झाले असतील. मॅडमला आता सगळं कळलं होतं, ती आत जाऊन तांदूळ आणायलाच निघाली, आणि बाईंनी तिला हातानं थांबवलं. आपण न मागता ती देणार असेल तर हेही ठरवलेलंच घर झालं असतं. त्यांनी मॅडमला आत पाठवलं, जाळी लावून घ्यायला लावली, दार लावायला लावलं. तुम्हाला द्यावंसं वाटलं तर द्या, नाही वाटलं तर दार उघडू नका, असं हिदायाकडून दोनदा सांगवलं. मॅडमनं दार लावलं. रुचिरा म्हणाली, आता तिनं नाही उघडलं म्हणजे? बाई म्हणाल्या, म्हणजे नाही उघडलं.

बंद दारापुढं सरोजिनीबाई उभ्या राहिल्या. पस्तीस वर्षं लोकांना काम का करत नाहीस म्हणून विचारणाऱ्या तोंडाला आता मागायचं होतं. मघाची ती खणखणीत हाक होती हौसेची. ती मागण्याची नव्हती, हे त्यांना आत्ता कळलं. त्यांनी परडी पुढं केली. आवाज निघाला तो बारीक, घोगरा, स्वतःलाही अनोळखी.

"जोगवा वाढ, माय."

दार लागलेलंच राहिलं. आतून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. मग काही नाही. हिदायानं घड्याळ बघितलं नाही, यासाठी मी तिला मानतो. परडीतले तांदूळ आणि किनवा मिळून बारीक वाजत होते. पुन्हा मागावं का? नाही. एकदाच मागायचं.

दार उघडलं. मॅडम खूनं केस विंचरले होते. हातात दुधाचा जुना डबा होता. तिच्या घरी तांदूळ मोजायचं माप तेच. काठोकाठ भरलेला. तिनं जाळी उघडली, दोन्ही हातांनी डबा परडीवर धरला आणि सावकाश, एकही दाणा न सांडता, रिकामा केला. मग आत जाऊन आणखी एक मूठ आणली, ती तिच्या नऊ देवांतर्फे.

बाईंनी कुंकवाची डबी काढली आणि मॅडमच्या कपाळाला बोट लावलं. मॅडमचा नवरा बारा वर्षांपूर्वी वारला हे रुचिराला मघाच कळलं होतं; ती काही बोलणार होती, ती बोलली नाही. पांढऱ्या कपड्यांवर ते कुंकू असं शोभलं की हिदाया म्हणाली, मलाही लावा. मग तिला आठवलं की आपण ड्यूटीवर आहोत आणि मुसलमानही आहोत, आणि ती स्वतःच इतकी हसली की पाटी खाली पडली.

पाचव्या मजल्यावर, सहाव्यावर, खाली, वर, सगळ्या व्हरांड्यांतले दिवे एकदम लागले.

"उदो!" असं काय ते बाई ओरडल्या. समोरच्या इमारतीतलं एक कुत्रं भुंकलं. रुचिरानं लिफ्टचं बटण दाबलं, पण बाईंना पेटीत उभं राहून वर जाणं आता जमणारं नव्हतं. पायांना चालायचं होतं. त्या जिन्याकडं वळल्या. चार मजले, प्रत्येक मजल्याला दोन वळणं, आणि प्रत्येक वळणावर बाई परडी डोक्यावर घेऊन एक गिरकी घेत होत्या. आधी अर्धी, मग पुरी. रुचिरा मागून, आई गुडघा, आई गुडघा, म्हणत येत होती. सातव्या मजल्यावर तिनं उंच टाचेचे बूट काढून हातात घेतले. आठव्यावर ती म्हणणं सोडून देऊन नुसतीच मागं मागं यायला लागली, आणि शेवटच्या वळणावर, कुणी बघत नाही असं बघून, तिनंही एक गिरकी घेतली.